यॉर्क पाहायचे ते पायी आणि तटावरून

लीड्सला राहायला येऊन मला सोळा वर्षे झाली. घर लावून झाले, बँकेचे खाते उघडले, मुलांच्या शाळा सुरू झाल्या की नव्याने आलेली मंडळी हमखास विचारतात, एका दिवसात कुठे जाऊन यावे? माझे उत्तर ठरलेले आहे, यॉर्क. लीड्सहून रेल्वेने सुमारे अर्ध्या तासात आणि लंडनहूनही जलद गाडीने दोन तासांत तिथे पोहोचता येते. दोघे मिळून किंवा मुलांसह वरचेवर प्रवास करणार असाल, तर रेल्वेचे सवलतकार्ड आधीच काढून ठेवावे, कारण बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. मात्र काही कार्डे कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपूर्वी चालत नाहीत.

पहिल्या खेपेला आम्ही स्थानकातून थेट मिन्स्टर या ख्रिस्ती महामंदिराकडे धाव घेतली, रांगेत तासभर घालवला आणि दुपारपर्यंत मुले इतकी कंटाळली की उरलेले शहर पाहणे राहूनच गेले. तुम्ही सुरुवात तटावरून करा. यॉर्कची तटबंदी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे, तिच्यावर चालायला पैसे पडत नाहीत आणि सकाळी आठपासून ती खुली असते. सगळा फेरा मारायची गरज नाही. स्थानकातून लेंडल पूल ओलांडून म्युझियम गार्डन्समध्ये या, तिथे रोमन काळातल्या बहुकोनी बुरुजाचा खालचा भाग अजून उभा आहे तो पाहा, आणि पुढे बूथम बार या वेशीतून तटावर चढून मंक बारपर्यंत जा. मिन्स्टरच्या मागच्या अंगाने, बागांवरून जाणारा हा पट्टा मला सर्वांत आवडतो. आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये. बर्फ पडला असेल तर तट बंदच ठेवतात.

इथली नावे सुरुवातीलाच समजून घेतली, तर शहर पटकन उलगडते. वेशीला इथे ‘बार’ म्हणतात आणि रस्त्याला ‘गेट’, कारण ८६६ साली शहर जिंकणाऱ्या व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. कॉपरगेट म्हणजे पुण्यातल्यासारखी तांबट आळी असणार, असे मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती लाकडी पेले कातणाऱ्यांची आळी. तिथेच १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात व्हायकिंगांची घरे आणि रोजच्या वापरातल्या वस्तू सापडल्या, आणि त्याच जागी आज यॉर्विकचे, म्हणजे व्हायकिंगांच्या काळातल्या यॉर्कचे, प्रदर्शन आहे. शॅम्बल्स ही जुनी खाटीक आळी. गर्दी असली तरी तिथे दोन मिनिटे थांबून दुकानांच्या दर्शनी भागाकडे नीट पाहा: खिडक्यांखाली मांस मांडायच्या रुंद फळ्या आणि वर लोखंडी आकडे अजून दिसतात. दोन्ही बाजूंच्या घरांचे वरचे मजले एकमेकांकडे इतके झुकले आहेत की खाली ऊन जेमतेम पोहोचते.

दुपारी घरून आणलेला पोळीभाजीचा डबा कुठेतरी बाकावर बसून खावा आणि मग टेकाडावरच्या क्लिफर्ड्स टॉवर या बुरुजाकडे जावे. मार्च ११९० मध्ये या टेकाडावरच्या तेव्हाच्या लाकडी बुरुजात शहरातले सुमारे दीडशे ज्यू आश्रयाला आले होते. बाहेर जमाव चालून आलेला असताना त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःचा शेवट करून घेतला. उरलेले मारले गेले. आजचा दगडी बुरूज नंतरचा, तेराव्या शतकातला आहे. पायथ्याशी स्मृतिफलक आहे. छायाचित्रे काढण्यापूर्वी तो वाचावा आणि मुलांनाही समजेल अशा शब्दांत सांगावा, असे मला मनापासून वाटते.

मुले बरोबर असतील, तर स्थानकामागचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चुकवू नका. प्रवेश विनामूल्य आहे. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठणारे ‘मॅलर्ड’ हे वाफेचे इंजिन तिथे आहे आणि जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात चढूनही पाहता येते.

मिन्स्टरला मात्र सवड हवी. १२२० च्या सुमारास सुरू झालेले आजच्या वास्तूचे बांधकाम १४७२ पर्यंत चालले. पूर्वेची भव्य चित्रकाच खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवली, आणि मुदतीत काम पुरे केल्यास १० पौंड जादा देण्याची अट त्याच्या करारात होती. सृष्टीच्या आरंभापासून जगाच्या अंतापर्यंतची चित्रे तिच्यात आहेत, पण ती इतक्या उंचावर आहेत की नुसत्या डोळ्यांना रंगच दिसतात. छोटी दुर्बीण बरोबर ठेवा.

आत फिरून पाहायला तिकीट लागते, संध्याकाळच्या प्रार्थनेला लागत नाही. तिची त्या दिवसाची वेळ आधी पाहून ठेवा आणि वीस मिनिटे लवकर पोहोचा. ही प्रार्थना सर्वांसाठी खुली असते. तुम्ही कोणत्या धर्माचे, हे कोणी विचारत नाही. इतरांबरोबर उठावे, इतरांबरोबर बसावे, मोबाइल बंद ठेवावा. गायकवृंदाचा शेवटचा स्वर थांबल्यावरही तो वरच्या कमानींमध्ये क्षणभर रेंगाळतो. तो ऐकून बाहेर पडलात, तरी पंधरा-वीस मिनिटांत चालत स्थानकावर पोहोचता.