४०१ चे निदान: कोडला हात लावण्याआधी कर्ल

एखाद्या एपीआयने (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागण्याचा दुवा) ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ असे सांगणारा क्रमांक, परत केला की बहुतेक जण सर्वप्रथम नवे टोकन (ओळख पटवणारी अक्षरांची किल्ली) मागवतात आणि तेही चालले नाही म्हणजे कोडमध्ये फेरफार सुरू करतात. गोरेगावच्या ऑफिसात बसून मी असे जेवढे ४०१ सोडवले, त्यांपैकी बहुतेकांत टोकन मुळात ठीक होते. ते सर्व्हरपर्यंत जसेच्या तसे पोहोचले नव्हते, एवढेच. म्हणून प्रोग्रॅमने काय पाठवायला हवे होते हा विचार थोडा वेळ बाजूला ठेवून, प्रत्यक्षात काय गेले ते आधी पाहावे. त्यासाठी कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणारे छोटे साधन, पुरेसे आहे.

आकड्याचा अर्थ प्रथम नीट लावावा. लोकलच्या भाषेत सांगायचे तर ४०१ म्हणजे टीसीने पास मागितला आणि तो आपल्याकडे नाही किंवा त्याची मुदत संपली आहे. ४०३ म्हणजे पास अस्सल आहे, पण सेकंड क्लासचा, आणि आपण उभे आहोत फर्स्ट क्लासमध्ये. दुसऱ्या प्रकारात नवे टोकन घेऊन भागत नाही, परवानगीच वाढवून घ्यावी लागते.

आता टर्मिनलवर तीच रिक्वेस्ट कर्लने, ‘व्हर्बोज’ पर्याय लावून पाठवावी. ब्राउझरमध्ये ती चालत असेल, तर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमधून ‘कॉपी ॲज कर्ल’ घेतले की टाइप करण्याचे कष्टही वाचतात. समोर येणाऱ्या मजकुरात > या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी आपण पाठवलेल्या, < ने सुरू होणाऱ्या सर्व्हरकडून आलेल्या आणि * ने सुरू होणाऱ्या कर्लच्या स्वतःच्या टिपा असतात.

पाठवलेल्या ओळींत ‘ऑथरायझेशन’ हेडर, म्हणजे ओळखीचा पुरावा नेणारी ओळ, शोधून तो अक्षरन् अक्षर वाचावा. येथे घाई महागात पडते. टोकनच्या आधी लागणारा ‘बेअरर’ हा शब्द दोनदा आला आहे का, म्हणजे एकदा कोडने लावलेला आणि एकदा टोकनबरोबर कॉपी होऊन आलेला? टोकनच्या जागी व्हेरिएबलचे नावच डॉलरच्या चिन्हासकट गेले आहे का? शेलमध्ये एकेरी अवतरणचिन्हे वापरली की हमखास तसे होते. टोकनऐवजी नाव-पासवर्ड पाठवण्याच्या ‘बेसिक’ पद्धतीत ते दोन्ही कोलनने जोडून बेस६४ या पद्धतीने एन्कोड करायचे असतात. ते काम शेलच्या साध्या ‘एको’ आदेशाने केले, तर शेवटी नव्या ओळीचे न दिसणारे अक्षर चिकटते आणि सर्व्हरच्या दृष्टीने पासवर्डच चुकतो. ‘प्रिंटएफ’ वापरावे, किंवा हा सगळा उपद्व्याप कर्लच्या ‘यूजर’ पर्यायावर सोपवावा.

हेडर निर्दोष असूनही ४०१ येत असेल, तर मधल्या ओळींत ३०१ किंवा ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सूचना, म्हणजेच रीडिरेक्ट) आहे का ते पाहावे. रीडिरेक्टने दुसऱ्या होस्टकडे पाठवले की कर्ल ‘ऑथरायझेशन’ हेडर गाळते, आणि २०१८ साली आलेल्या ७.५८.० आवृत्तीपासून हाताने लिहिलेल्या हेडरलाही हा नियम लागू आहे. तुमचे टोकन परक्या सर्व्हरच्या हाती पडू नये म्हणून ही खबरदारी आहे, तेव्हा ती चुकवण्याची युक्ती शोधण्यापेक्षा शेवटचा पत्ताच थेट लिहावा.

सर्व्हरच्या उत्तरातला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हेडर फार थोडे लोक वाचतात. एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे ४०१ सोबत तो यायलाच हवा (काही सर्व्हर तरीही पाठवत नाहीत, तो भाग वेगळा). त्यात ‘इनव्हॅलिड टोकन’ असे कारण असेल, तर टोकन मुदतबाह्य, रद्द झालेले किंवा बिघडलेले आहे, असे समजावे.

अशा वेळी टोकन जेडब्ल्यूटी (मुदतीसारखी माहिती आतच बाळगणारे ‘जेसन वेब टोकन’) प्रकारचे असल्यास ते उघडून पाहता येते. टिंबांनी वेगळे केलेल्या तीन भागांपैकी मधला भाग केवळ एन्कोड केलेला असतो, गुप्त नसतो. मात्र प्रॉडक्शनचे टोकन कुठल्याशा वेबसाइटवर पेस्ट करू नये; आपल्याच मशीनवर चार ओळींत ते काम होते.

त्यातल्या मुदतीच्या आकड्याने आमच्या टीमचा एक अख्खा दिवस खाल्ला होता. क्लाउडवर चालणारा पायथनचा कोड लॅपटॉपवर मात्र दर वेळी ४०१ आणत होता. समजा, १५ जुलै २०२४ रोजी संध्याकाळी साडेपाचला तासाभराचे टोकन तयार केले, तर मुदतीचा आकडा (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद) १७२१०४८४०० हवा. आमच्याकडे येत होता तो १७२१०२८६००, म्हणजे दुपारी एकचा. टोकन जन्मतःच साडेचार तास शिळे! दोन आकड्यांतला फरक १९८०० सेकंद, म्हणजे बरोबर साडेपाच तास, हे दिसताच उलगडा झाला: पायथनच्या ‘यूटीसीनाऊ’ने दिलेली यूटीसीची (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेची) वेळ ‘टाइमस्टँप’ने स्थानिक वेळ समजून मोजली होती. क्लाउडमधले मशीन यूटीसीवर असल्याने तेथे ही चूक दिसत नव्हती. फरक १९८०० चा निघाला, तर भारतात बसून दुसरे कारण शोधण्याची गरज सहसा पडत नाही.

पोस्टमन या रिक्वेस्ट तपासण्याच्या ॲपमध्ये चालते आणि कोडमध्ये चालत नाही, अशी तक्रार असेल, तर पोस्टमनचा कन्सोल उघडून पाहावा. त्याने साठवून ठेवलेली कुकी (आधीच्या लॉगिनची खूण) रिक्वेस्टसोबत जात असेल, तर टोकनची परीक्षा झालेलीच नसते.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास एपीआय पुरवणाऱ्यांना मेल करताना कर्लचा मजकूर पाठवावा, परंतु त्याआधी टोकनची शेवटची चार अक्षरे ठेवून बाकीची खोडावीत, कारण ‘व्हर्बोज’मध्ये ते पूर्ण छापले जाते. उत्तरात रिक्वेस्ट आयडी आला असेल तर तो जोडावा आणि वेळ यूटीसीत लिहावी. पलीकडचा माणूस मुंबईच्या वेळेने लॉग उघडणार नाही.