साताऱ्यात राहून धर्मपरंपरांतील बालपणाचा अभ्यास कसा करावा

ल्यूथरन धर्मशास्त्राच्या अभ्यासक मार्शा बंगी यांनी संपादित केलेला ख्रिस्ती परंपरेतील बालविचारांवरचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवात त्यापासून करावी आणि मग ल्यूथरन पंथाचा प्रवर्तक, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी (ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तररूप पुस्तिका) स्वतः वाचावी, कारण घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना धर्म कसा शिकवावा हे तीत प्रत्यक्ष दिसते. टिपणे काढताना मूल म्हणजे देवाची देणगी, पापप्रवण जीव की मोठ्यांचा गुरू, असे तीन रकाने आखावेत. पुष्कळदा एकच लेखक तिन्हींत सापडतो, आणि माझ्या मते खरा विषय तिथेच आहे. त्यानंतर वाईच्या विश्वकोशातील संबंधित नोंदी पाहाव्यात, आणि समर्थांचे मनाचे श्लोक मुलांकडून पाठ का करून घेतले जातात, हे सातारकर आजी-आजोबांना विचारावे. मुलांशी बोलण्यापूर्वी मात्र पालकांची संमती घ्यावी.