घरच्या सरावासाठी गिटारचा छोटा ॲम्प कसा निवडावा

इलेक्ट्रिक गिटार घेतली की पाठोपाठ ॲम्पचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरचा, प्रश्न येतो, कारण ॲम्पशिवाय या वाद्याचा आवाज खोलीच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॅटचा हवा?’ हाच असतो, आणि निवड चुकायला सुरुवातही तिथूनच होते. पुण्यातील फ्लॅटमध्ये, वाड्यातील खोलीत किंवा दोघातिघांच्या पीजीमध्ये ॲम्प वापरायचा असेल, तर तो पूर्ण आवाजात कसा वाजतो याला फारसे महत्त्व उरत नाही. व्हॉल्यूमचा नॉब जेमतेम पाव फिरवलेला असताना तो कसा वाजतो, हे ऐकूनच खरेदी करावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कसोटीला धरून आहेत.

पहिली पायरी : घराचा अंदाज घ्यावा

दुकानात जाण्यापूर्वी आपण कोणत्या खोलीत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी वाजवणार आहोत, हे निश्चित करावे. नोकरी करणाऱ्या माणसाला सरावाला वेळ मिळतो तो बहुतेक वेळा रात्री नऊनंतर, आणि त्या वेळी इमारत शांत झालेली असते. सोसायटीत आवाज भिंतीपेक्षा उघड्या खिडक्यांतून आणि न्हाणीघराच्या डक्टमधून अधिक पसरतो, तर खर्जाचे स्वर फरशीतून खालच्या घरात उतरतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत 55 डेसिबल आणि त्यानंतर 45 डेसिबल आहे, तसेच खासगी वाद्याचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही त्यात म्हटले आहे. अर्थात शेजारी दारावर येतात ते डेसिबल मोजून नव्हे. ज्यांचा सराव मुख्यतः दहानंतर होणार आहे, त्यांनी हेडफोनची सोय नसलेला ॲम्प कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी पायरी : गिटारला साजेसा ॲम्प

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमधील स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे स्वर मुद्दामच दाबतो, त्यामुळे डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारखा केलेला, आवाज कानाला बोचत नाही. हाच ॲम्प पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग) बसवलेल्या अकूस्टिक गिटारला लावला, तर तारांची झळाळी नाहीशी होऊन आवाज कोंदट येतो. अकूस्टिक वाजवणाऱ्याने अकूस्टिकसाठी बनवलेलाच ॲम्प पाहावा. बास गिटार तर छोट्या गिटार ॲम्पला लावूच नये. तिच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असतो आणि आवाज थोडा वाढवताच छोट्या स्पीकरचा कागद फाटण्याची भीती असते.

तिसरी पायरी : वॅट आणि स्पीकर

वॅटचा आकडा दुप्पट झाला म्हणजे आवाज दुप्पट झाला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केल्यास आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे 10 वॅट आणि 20 वॅट यांतील फरक कानाला लक्षात येण्यापुरताच असतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबलची वाढ लागते, आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. उलट बाजूने पाहिल्यास, 10 वॅटचा ॲम्प 1 वॅटवर आणला तरी आवाज फक्त निम्मा झाल्यासारखा वाटतो. गिटारचे अनेक स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 90 ते 100 डेसिबल आवाज देतात, हे लक्षात घेतले तर दहा बाय दहाच्या खोलीत 10 वॅटचा ॲम्प कधीच पूर्ण उघडला जाणार नाही, हे वेगळे सांगायला नको. घरासाठी 5 ते 20 वॅट पुरेसे आहेत. त्यापेक्षा मोठा ॲम्प घेतल्यास पैशांखेरीज दुसरेही नुकसान होते. मोठ्या ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावरून एकवर जाताना एकदम उसळतो, आणि आपल्याला हवी असलेली पातळी नॉबच्या केसभर फिरण्यात कुठेतरी हरवलेली असते. ज्या ॲम्पमध्ये शक्ती कमी करण्याचे वेगळे बटण असते, त्यांचा याला अपवाद करता येईल.

वॅटपेक्षा स्पीकरच्या व्यासाकडे अधिक बारकाईने पाहावे. गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार मोकळी छेडली तर सुमारे 82 हर्ट्झचा स्वर निघतो. 3 इंची स्पीकरला तो स्वर नीट पेलत नाही. आपल्याला ऐकू येतात ते मुख्यतः त्यावरचे उपस्वर. ब्लॅकस्टारचा फ्लाय 3 हा 3 वॅटचा, 3 इंची स्पीकरचा ॲम्प पलंगावर बसून बोटे फिरवण्यासाठी सोयीचा आहे, परंतु जाड तारांवरचा उजव्या हाताचा ठोका त्यावर जोखता येत नाही. फेंडरचा फ्रंटमन 10जी 6 इंची आणि मार्शलचा एमजी10 साडेसहा इंची स्पीकरचा असून दोन्ही 10 वॅटचे आहेत. 8 इंची स्पीकर आणि त्याला शोभेलशी लाकडी पेटी मिळाली, तर आवाजाला अंग येते. जागा आणि पैसे यांची ओढाताण नसेल तर माझे मत 8 इंचीच्या बाजूने आहे.

कमी आवाजात आणखी एक गोष्ट घडते. आपला कान हळू आवाजात खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले होते. यामुळे दुकानात भरदार वाटलेला ॲम्प घरी हळू लावला की पोकळ वाटू लागतो. बास आणि ट्रेबल यांचे नॉब वेगवेगळे असतील तर ही उणीव काही प्रमाणात भरून काढता येते. केवळ ‘टोन’ हा एकच नॉब असलेल्या ॲम्पमध्ये ती सोय नसते.

चौथी पायरी : व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर की डिजिटल

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, ॲम्पचे वेड मोठे आहे, परंतु त्याचा गोडवा व्हॉल्व्हवर जोर आल्यावर खुलतो, आणि जोर येईपर्यंत शेजाऱ्यांची झोप उडालेली असते. 5 वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पदेखील फ्लॅटमध्ये मोठाच वाटतो. शिवाय व्हॉल्व्ह कालांतराने बदलावे लागतात. पहिल्या खरेदीसाठी तो विचार बाजूला ठेवावा.

ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्वस्त आणि दणकट असतो, व त्याचा क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनविना, आवाज हळू पातळीवरही स्वच्छ राहतो. मात्र त्यात गेन (गिटारकडून येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा) आणि व्हॉल्यूम असे दोन स्वतंत्र नॉब आहेत ना, हे पाहावे. गेन वाढवून आणि व्हॉल्यूम खाली ठेवून कमी आवाजात डिस्टॉर्शन मिळवता येते. एकच नॉब असेल तर आवाज मोठा केल्याशिवाय ते मिळत नाही. डिजिटल म्हणजे मॉडेलिंग ॲम्प निरनिराळ्या नामांकित ॲम्पच्या नकला करतो आणि हळू आवाजातही त्या बऱ्यापैकी टिकवतो, म्हणून घरासाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा ठरतो. फेंडरचा 25 वॅटचा, 8 इंची स्पीकर असलेला मस्टँग एलटी25 हा त्याचा एक नमुना. मात्र ज्या ॲम्पचे निम्मे काम मोबाइलमधल्या ॲपवाचून अडते, तो घेताना मी दहादा विचार करीन. ॲम्प दहा वर्षे चालतो. ॲपची तशी हमी कोणीच देत नाही. शिवाय नवशिक्या वाजवणाऱ्याची संध्याकाळ शंभर आवाज चाळण्यातच निघून जाते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

पाचवी पायरी : जोडणीच्या जागा

ॲम्पला हेडफोनचे सॉकेट हवे, आणि त्यात पिन खोचताच स्पीकर बंद झाला पाहिजे. मोबाइलवरील तानपुरा, मेट्रोनोम किंवा गाण्याचा ट्रॅक लावण्यासाठी ऑक्सचे, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने आत घेणारे, सॉकेट हवे. हेच काम ब्लूटूथनेही होते, पण ब्लूटूथ फक्त ट्रॅकपुरते वापरावे. गिटारचा स्वतःचा आवाज साध्या ब्लूटूथ हेडफोनवर ऐकल्यास तो तार छेडल्यानंतर उशिरा पोहोचतो आणि लय बिघडते. हेडफोन वायरचेच घ्यावेत.

सहावी पायरी : वीज

ही बाजू दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. आपल्याकडील वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची आहे. अमेरिकेतील नातेवाइकाने प्रेमाने आणलेला ॲम्प बहुधा 120 व्होल्टचा असतो आणि तो आपल्या बोर्डात थेट लावला तर जळतो. ॲडॉप्टरवर चालणारा ॲम्प असल्यास ॲडॉप्टरवर ‘100-240’ असे छापलेले आहे का, ते आधी वाचावे. तसे नसेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात विजेच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत, तेथे त्याची चौकशी करता येते. परंतु ट्रान्सफॉर्मर ॲम्पवर लिहिलेल्या वॅटपेक्षा पुरेशा अधिक क्षमतेचा घ्यावा आणि वीजवापराचा आकडा पाहावा, आवाजाच्या वॅटचा नव्हे.

तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन अर्थिंगची असते. जुन्या वाड्यांतील काही खोल्यांत आजही दोन पिनांचेच बोर्ड असतात, आणि तेथे तिसरी पिन चुकवणारा जुगाड करून ॲम्प चालवला जातो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असल्यामुळे हा जुगाड अंगाशी येऊ शकतो. तारांना हात लावल्यावर ‘हम’ (स्पीकरमधली सततची घूंघूं) कमी होत असेल तर काळजीचे कारण नाही, ते स्वाभाविक आहे. परंतु बोटांना झिणझिण्या जाणवल्या तर ॲम्प तत्काळ बंद करावा, प्लग काढावा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. गुरुवारी महावितरणचे देखभालीचे काम निघाले की अनेक भागांत वीज जाते, तेव्हा बॅटरीवरही चालणारा ॲम्प उपयोगी पडतो. घरातील इन्व्हर्टर स्वस्तातला, स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर ॲम्प गुणगुणत राहतो.

सातवी पायरी : दुकानातील चाचणी

लक्ष्मी रस्ता असो वा कॅम्प, दुकानात शक्यतो सकाळी, गर्दी नसताना जावे आणि आपली गिटार व आपली केबल सोबत न्यावी. दुकानातील महागड्या गिटारवर कोणताही ॲम्प चांगलाच वाजतो. विक्रेता स्वतः झपाट्याने वाजवून दाखवू लागला तर त्याचे कौतुक करावे आणि गिटार परत मागून घ्यावी.

सर्व टोनचे नॉब मध्यावर, म्हणजे घड्याळातील बाराच्या स्थितीत ठेवावेत. गेन कमी आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ॲम्प सुरू करावा, आणि कान स्पीकरजवळ नेऊन किती सूं आवाज येतो ते ऐकावे. मग व्हॉल्यूम अगदी सावकाश वाढवावा. आवाज हळूहळू चढतो, की काही वेळ गप्प राहून एकदम अंगावर येतो, हे येथेच कळते. दुसऱ्या प्रकारचा ॲम्प बाजूला ठेवावा. शेजारी उभ्या असलेल्या विक्रेत्याला आवाज न चढवता बोलता येईल, या पातळीवर नॉब थांबवावा आणि पुढील सगळी तपासणी तेथेच करावी. सहावी तार मोकळी छेडून ती शेवटपर्यंत विरू द्यावी. पेटी किंवा जाळी मध्येच थरथरत असेल तर ऐकू येते. जी मेजर कॉर्ड सावकाश वरून खाली वाजवावी आणि सहाही तारा वेगवेगळ्या कळतात का, ते पाहावे. त्यानंतर गेन वाढवून तीच कॉर्ड पुन्हा वाजवावी, आणि गिटारवरील व्हॉल्यूम निम्मा करावा. चांगल्या ॲम्पमध्ये डिस्टॉर्शन निवळते व क्लीन आवाजाकडे झुकते. सुमार ॲम्पमध्ये तोच चिरका आवाज फक्त बारीक होतो. सिंगल कॉइल (तारेचे एकच वेटोळे असलेल्या) पिकअपच्या गिटारवर ‘हम’ अधिक येतो. अशा वेळी गिटार धरून जागच्या जागी वळून पाहावे. दिशा बदलताच तो कमी झाला, तर दोष ॲम्पचा नसून आसपासच्या दिव्यांचा किंवा चार्जरचा असतो. शेवटी हेडफोन लावून हेच सारे पुन्हा ऐकावे, कारण काही ॲम्पचा हेडफोनमधील आवाज स्पीकरच्या तुलनेत फारच कर्कश असतो.

शिक्षण संपवून गावी परतणारे विद्यार्थी ॲम्प विकतात आणि त्यांत चांगले सौदे मिळतात. वापरलेल्या ॲम्पचा प्रत्येक नॉब फिरवून पाहावा. किंचित खरखर असेल तर ती बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, तेवढ्यासाठी भाव पाडून घ्यावा. केबल हलवताच आवाज तुटत असेल, स्पीकरचा कागद फाटलेला असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र नाद सोडावा.

आठवी पायरी : घरी आणल्यावर

ॲम्प थेट फरशीवर ठेवू नये. खुर्चीवर किंवा रबराच्या जाड तुकड्यावर ठेवला तर खालच्या मजल्यावर जाणारा खर्ज कमी होतो, आणि स्पीकर गुडघ्यांऐवजी कानांच्या दिशेने आल्याने कमी व्हॉल्यूममध्येही स्वच्छ ऐकू येते. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज वाढून आवाज घुमतो. भिंतीपासून थोडा पुढे घ्यावा. घरातील एकाला जिन्यात उभे करावे, दार-खिडक्या लावून रोजच्यासारखे वाजवावे, आणि बाहेर आवाज ठळक ऐकू येऊ लागेल त्या जागी नॉबशेजारी पेन्सिलीने खूण करावी. ही खूण अगदीच खाली आली आणि तेवढ्यात वाजवण्यात काही राम वाटत नसेल, तर ॲम्प आपल्या घरासाठी मोठा आहे. दुकानदार बदलून देण्याची जी मुदत सांगतो ती बिलावर लिहून घ्यावी, ही चाचणी त्या मुदतीत उरकावी, आणि तोवर खोके व आतले थर्माकोल टाकून देऊ नये.