डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना आधी 'म्हणे' सोडा

वावरातून आलेला दादा सांगतो, "राजू म्हणे, मी आज कापूस वेचून राहिलो." यातला 'मी' म्हणजे राजू, हे घरात कोणालाच समजावावं लागत नाही. आपल्या बोलीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून आणतात. हे झालं डायरेक्ट. इंग्रजीच्या इनडायरेक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना, सांगणारा आपल्या जागेवरून बोलतो. म्हणून सर्वनाम, काळ, दिवस सगळंच फिरतं. दहावीची हुशार पोरंही इथंच मार्क घालवतात, कारण डोक्यात 'म्हणे'ची सवय असते.

हे वाक्य घ्या: राजू सेड टू मी, "आय ॲम पिकिंग कॉटन टुडे."

आधी 'सेड टू मी'चं 'टोल्ड मी' करा. 'टोल्ड टू मी' लिहू नका. अवतरण चिन्हं काढून 'दॅट' घाला. मग स्वतःला मराठीत विचारा, हा 'आय' कोण? राजू. म्हणून 'ही'. बाहेरचं 'सेड' भूतकाळी आहे, म्हणून आतला काळही एक पायरी मागे: 'ॲम'चं 'वॉज'. 'टुडे'चं 'दॅट डे'. झालं: राजू टोल्ड मी दॅट ही वॉज पिकिंग कॉटन दॅट डे.

याच रीतीने 'पिक्ड'चं 'हॅड पिक्ड', 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' होतं. बाहेर 'सेज' असेल तर काळाला हात लावू नका. "द सन राइजेस इन द ईस्ट" असं कायमचं सत्य असेल तरी काळ तसाच ठेवा.

खरी गंमत प्रश्नांत आहे. माय विचारते, "जेवला का?" वाक्याच्या शेवटचा हा 'का' म्हणजेच इंग्रजीतला 'इफ'. मदर सेड टू मी, "आर यू हंग्री?" याचं मदर आस्क्ड मी इफ आय वॉज हंग्री. 'काऊन' (म्हणजे कशामुळे), 'कुठं', 'कधी' असेल तर 'इफ' नको, प्रश्नशब्दच जोडणी करतो. ही सेड टू मी, "व्हाय डिड यू कम लेट?" याचं ही आस्क्ड मी व्हाय आय हॅड कम लेट. इथं 'डिड' गेला, कर्ता क्रियापदाच्या आधी आला आणि प्रश्नचिन्हाऐवजी पूर्णविराम आला. 'व्हाय डिड आय कम' ही चूक मला वहीवहीत दिसते. शब्द सगळे बरोबर, क्रम तेवढा प्रश्नाचाच राहिलेला. म्हणून उत्तर लिहून झालं की प्रश्नशब्दानंतर कर्ता आलाय का, एवढं बोट ठेवून पाहा.

आज्ञेत 'दॅट' आणि काळ दोन्हींची कटकट नाही, फक्त 'टू' लावायचा. फवारणीला निघालेल्या पोराला बाबा म्हणतात, "डोन्ट स्प्रे विदाउट अ मास्क." लिहा: फादर टोल्ड मी नॉट टू स्प्रे विदाउट अ मास्क. विनंती असेल तर 'टोल्ड'च्या जागी 'रिक्वेस्टेड', आणि 'प्लीज' गाळा.