पोटाच्या सोनोग्राफीला येताय? मग ‘फक्त चहा’ घेऊन येऊ नका

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसून रोज सकाळी मी एकच प्रश्न विचारते, “सकाळपासून तोंडात काय गेलंय?” उत्तर ठरलेलं, “काहीच नाही.” नाव लिहून होतं, पावती फाडून होते आणि मग हळूच पुढचं वाक्य येतं, “फक्त अर्धा कप चहा घेतला.”

या अर्ध्या कपाने आम्हाला जेवढं छळलंय तेवढं मशीन बंद पडण्यानेही नाही. उपाशी असताना पित्ताशय पित्ताने भरून फुगलेलं असतं. स्क्रीनवर ते पित्त काळं दिसतं, त्यात खडा असेल तर पांढरा उठून दिसतो आणि त्याच्यामागे सावली पडते. दूध, तूप, तेल असलं काही स्निग्ध पोटात गेलं की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात सोडून देतं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते. आता ती सूज आहे की तुमचा चहा, हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं? बारीक खडा असेल तर तोही नजरेतून सुटू शकतो. शिवाय खाताना-पिताना हवा गिळली जाते. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते आणि त्या हवेतून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे जठराच्या मागे असलेलं स्वादुपिंड गॅसच्या आड दडून बसतं.

एक काका खेड्यातून पहिल्या एसटीने आले होते. उजव्या बरगडीखाली दुखायचं, जेवल्यावर जास्त. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘उपाशीपोटी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाले, “कडक उपाशी.” आत झोपवल्यावर डॉक्टरांनी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, ठेवला आणि विचारलं, “काका, काय खाल्लंत?” जठरातलं अन्न समोर दिसत होतं. काका तरी नाहीच म्हणत होते. शेवटी मुलगाच म्हणाला, “बाबा, स्टँडवर चहा-खारी घेतली ना!” मग सुरू झालं, “एवढ्या लांबून आलोय, आता तसंच उरकून टाका.” डॉक्टरांनी ‘उद्या या’ म्हणून पाहिलं, पण काका हलेनात. केली तपासणी. रिपोर्टात स्पष्ट लिहिलं की पित्ताशय आकुंचित आहे, नीट पाहता आलं नाही, उपाशीपोटी पुन्हा तपासावं. काकांनी त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला, ‘खडा नाही’. मग ॲसिडिटीच्या गोळ्या आणि ओव्याचं पाणी. पुन्हा आले ते रात्रभर कळा आणि ताप घेऊन. पित्ताशयात खडे, भिंत सुजलेली, आणि थेट ऑपरेशनची चिठ्ठी. खडे चहाने झाले नव्हते हे खरंच. पण वेळ वाया गेला तो चहा-खारीपायी, आणि त्याहून जास्त खोटं बोलण्यापायी. पहिल्यांदाच खरं सांगितलं असतं तर मी त्यांना दुसऱ्या दिवशी पहिला नंबर दिला असता.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. सकाळची पहिली वेळ मागा. रात्री लवकर मुगाची खिचडी किंवा भाकरी-दुधीसारखं हलकं जेवा. छोले, राजमा, कोबी, मिसळ त्या रात्री नको. त्यानंतर सहा ते आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी मात्र चालतं. पाण्याचा थेंब न घेता घसा कोरडा करून येणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. चतुर्थीला ‘आज उपवासच आहे’ म्हणत साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारेही भेटतात, दाण्याच्या कुटासकट. तंबाखू, मिश्री, सिगारेट, च्युइंगम यातलंही काही नको.

मधुमेह असेल तर ही शिस्त आपल्या मनाने पाळू नका. उपाशीपोटी इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन येणारे बाकावर घामाघूम होऊन कलंडताना पाहिलेत. त्या दिवशी डोस घ्यायचा की नाही हे आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि नंबर लावतानाच ‘शुगर आहे’ म्हणून सांगा. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते.

लहान बाळाला तासन्‌तास उपाशी ठेवायचं नसतं, किती वेळ ते फोन करून विचारा. आणि कोणाला असह्य दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, तर उपाशी राहण्याची वाट बघत घरी बसू नका. तसेच या.

‘प्रेशर’ची घाई

गर्भाशय, अंडाशय, प्रोस्टेट पाहायचं असेल तर मूत्राशय भरलेलं लागतं. भरलं की ते आतड्याची वेटोळी बाजूला सारतं आणि मागचं सगळं स्वच्छ दिसतं. इथे दोन जाती आहेत. पहिली जात सेंटरवर येऊन दहा मिनिटांत अख्खी बाटली घटाघटा रिचवते आणि लगेच विचारते, “आता घ्या ना आत.” अहो, पाणी प्यायलं की लगेच खाली पोचत नाही, किडनीला तासभर द्या. घाई केली तर आत जाऊन ‘भरलं नाही’ म्हणून परत बाकावर.

दुसरी जात पहाटेपासून लघवी तुंबवून डोळ्यात पाणी आणून बसते. फार तुंबलं तर किडनीतही फुगवटा दिसू शकतो, मग लघवी करून आल्यावर पुन्हा पाहावं लागतं. आणि कळ असह्य झाली की या मावशी ‘थोडीशीच’ करून येते म्हणून जातात. थोडीशी कोणालाच थांबवता येत नाही, हा माझा काउंटरवरचा अनुभव.

मी सगळ्यांना सांगते ते असं. घरून निघण्याआधी लघवी करून घ्या. तुमच्या वेळेच्या तासभर आधी चार-पाच ग्लास साधं पाणी सावकाश संपवा. सोडा किंवा कोल्ड्रिंक नको, त्याने गॅस होतो. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चांगलं प्रेशर आलं की काउंटरला सांगा. पुरुषांना प्रोस्टेटसाठी लघवी करून पुन्हा बोलावतात, आत किती उरली ते मोजायला. तेव्हा ‘झालं ना’ म्हणून चप्पल घालून पळू नका.

बाकीचं थोडक्यात

एंडोस्कोपी किंवा बेरियमची तपासणी त्याच दिवशी असेल तर सोनोग्राफी आधी करून घ्या. एकात पोटात हवा भरतात, दुसऱ्यात औषध राहतं.

आदल्या रात्री मनाने जुलाबाचं चूर्ण घेऊ नका.

सलवार-कमीज, शर्ट-पँट, साडी चालेल. वन-पीस नको. करदोडा कापायची गरज नाही, वर सरकवता येतो.

जुने रिपोर्ट आणा. खडा चार मिलिमीटरचा सहा झाला की तसाच आहे, हे त्याशिवाय कसं कळणार?

आत गेल्यावर घाबरण्यासारखं काही नाही. यात एक्स-रे नसतो, फक्त ध्वनिलहरी. जेल गार लागते, पण ती नसली तर प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा चित्र अडवते. “श्वास घ्या, धरून ठेवा” म्हणतात तेव्हा लिव्हर बरगड्यांखालून खाली येतं, म्हणून खरंच धरून ठेवा. त्याच क्षणी “डॉक्टर, काय दिसतंय?” विचारलं की तो श्वास फुकट. प्रोब दाबल्यावर नेमकं कुठे दुखलं तेवढं मात्र लगेच सांगा.

गर्भवती असाल तर ओळखपत्र आणा, गर्भवतीच्या सोनोग्राफीचा सरकारी फॉर्म एफ भरावा लागतो. मुलगा-मुलगी विचारू नका. 1994 च्या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याने तो गुन्हा आहे, भिंतीवर पाटी आहे, आणि खुणेने विचारलं तरी तो गुन्हाच राहतो.

रिपोर्ट हातात पडला की बाहेर बाकावर बसून मोबाइलवर अर्थ शोधणारे बरेच. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी, एवढं वाचून रडवेल्या झालेल्या ताईंना मी पाणी दिलंय. ही फार नेहमी दिसणारी गोष्ट आहे, पुढे काय करायचं ते पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. उलट ‘नॉर्मल’ आलं आणि दुखतच राहिलं, तरी त्यांच्याकडे परत जा. जठरातला अल्सर सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, आणि किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या मधल्या भागातला खडाही गॅसमुळे हुकतो. त्याला सीटी स्कॅन लागू शकतो, आणि ते ठरवायचं काम त्यांचं, माझ्या काउंटरचं नाही.