आमचा पंप रिक्वायरमेंट कसा झाला

महापे एमआयडीसीत आमची कंपनी पावसाळी पंपघरांच्या कंट्रोल सिस्टीम बनवते. नवी मुंबईत मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की पावसाचं पाणी धरणाऱ्या धारण तलावांच्या झडपा मिटतात, पाणी आतच साठतं. जिथे पंप आहेत तिथे सगळी भिस्त पंपांवर.

गेल्या वर्षी आम्ही पाण्याची पातळी मोजणारा फ्लोट सेन्सर काढून रडार सेन्सर घेतला. आता कोणत्या चाचण्या पुन्हा करायच्या? रिक्वायरमेंटच्या, म्हणजे सिस्टीमने काय करायलाच हवं त्या अटींच्या, ६४० ओळींच्या एक्सेलमध्ये ‘संदर्भ’ असा रकाना होता आणि त्यात जागोजागी ‘वरीलप्रमाणे’. मधे कुणीतरी शीट सॉर्ट केली होती. ज्यांना सगळं तोंडपाठ, ते सर गणपतीला गावी!

तेव्हापासून मी ऑन्टॉलॉजीने, म्हणजे गोष्टींचे वर्ग आणि त्यांच्यातली नाती संगणकाला कळतील अशी लिहून, काम करते. तुम्हीही करणार असाल तर प्रोटेजे (ऑन्टॉलॉजी लिहायचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी कागदावर प्रश्न लिहा. माझे तीनच होते: हा भाग बदलला तर कोणत्या चाचण्या? कोणत्या रिक्वायरमेंटला चाचणीच नाही? ही रिक्वायरमेंट आली कुठून? ज्या नात्याने यातला एकही प्रश्न सुटत नाही, ते नातं घेऊ नका. मला तीन पुरली: भाग ‘पूर्ण करतो’, चाचणी ‘तपासते’, रिक्वायरमेंट दुसरीतून ‘निघते’. प्रत्येक रिक्वायरमेंटला कायमचा आयआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखी एकमेव ओळख, द्या. ओळ क्रमांक नको, तो सॉर्टमध्ये मरतो.

आता माझी फजिती. ‘तपासते’ची रेंज, म्हणजे ते नातं ज्या वर्गाकडे जातं तो वर्ग, मी रिक्वायरमेंट अशी लिहिली आणि निश्चिंत झाले; चुकीचं काही जोडलं तर रीझनर (नोंदींतून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) ओरडेल, हा माझा समज. एक चाचणी चुकून थेट पंप क्र. २ ला जोडली गेली. रीझनरने शांतपणे निष्कर्ष काढला की पंप क्र. २ ही एक रिक्वायरमेंट आहे. त्याचं चुकलं नव्हतं. आऊलमध्ये, म्हणजे ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेत, रेंज म्हणजे पहारेकरी नव्हे, अनुमानाचा नियम. भाग आणि रिक्वायरमेंट हे वर्ग डिसजॉइंट आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोन्हींत बसू शकत नाही, असं सांगितलं, तेव्हा कुठे विसंगती दिसली.

दुसरी गोम त्याहून वाईट. चाचणी नोंदवलेली नसली तरी आऊल तक्रार करत नाही. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘अजून माहीत नाही’, एवढंच ते मानतं. आपल्याला तर नेमक्या त्या फटी शोधायच्या असतात. त्यासाठी शॅकल वापरा, नोंदी नियमात बसतात का ते तपासायचं, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं २०१७ चं मानक. नियम एकच: प्रत्येक रिक्वायरमेंटकडे ‘तपासते’चा किमान एक बाण यायलाच हवा. पहिल्या फेरीत आमच्या ७१ रिक्वायरमेंट उघड्या पडल्या.

बदलाचा माग स्पार्कलने, म्हणजे अशा नोंदींना प्रश्न विचारायच्या भाषेने, काढा. ‘निघते’पुढे अधिकचं चिन्ह टाकलं की कितीही पायऱ्यांची साखळी एका प्रश्नात चढता येते, सेन्सरचं उत्तर १४ चाचण्या आलं. नोंदी साठवून हे प्रश्न चालवणारं सॉफ्टवेअर, जेना फ्युसेकी, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.

रिक्वायरमेंट बदलली तर जुनी खोडू नका. नव्या आवृत्तीला नवा आयआरआय द्या आणि प्रोव्ह-ओ या, कोणती गोष्ट कशातून आली ते नोंदवायच्या, तयार ऑन्टॉलॉजीमधल्या ‘वॉज रिव्हिजन ऑफ’ने जुनीशी जोडा. जी चाचणी अजून जुन्या आवृत्तीकडे बोट दाखवते, ती संशयित.

सहकाऱ्यांना मात्र एक्सेलमध्येच भरू द्या. पायथनची आरडीएफलिब ही लायब्ररी रोज रात्री त्याचे ट्रिपल, म्हणजे ‘चाचणी, तपासते, रिक्वायरमेंट’ अशा तीन भागांच्या नोंदी, बनवते. कुठे ‘वरीलप्रमाणे’ सापडलं की माझी स्क्रिप्ट तिथेच थांबते.