काम अंगावर किती पडतं, ते काटा आणि टेप घेऊन कसं मोजावं

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा हजेरीपुस्तकाच्या शेऱ्यात एक शब्द सारखा दिसायचा: कंबर. "कंबर धरली, ३ दिवस." "कंबर, दुपारी घरी सोडला." साचे फोडून ओतीव माल बाहेर काढतात त्या नॉकआउटच्या जागेवर वर्षभरात चार माणसं बदलली. हल्लीच्या पोरांत दम नाही, असं आम्ही सगळेच म्हणायचो. पाचवा आला तो खानापूरकडचा, भाताची पोती पाठीवर वाहिलेला गडी. दोन महिन्यांत त्याचीही कंबर गेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं, की खोट पोरांत नाही, त्या जागेत आहे.

एखादं काम माणसाच्या अंगाकडून काय काय मागतं, किती वजन, किती वाकणं, किती वेळ उभं राहणं, हे मोजून कागदावर उतरवता येतं. त्याला इंजिनिअर लागत नाही. भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा, एक टेप, घड्याळ आणि वही एवढं पुरतं. मच्छेतलं मशीन शॉप असो, वडगावातला घरचा पॉवरलूम असो, की मार्केट यार्डातलं गोदाम, रीत तीच.

कुठल्या कामापासून सुरुवात करायची

सगळा कारखाना एकदम मोजायला जाऊ नका, तो प्रकार आठवड्यात बंद पडतो. गेल्या वर्षभराची हजेरी, प्रथमोपचाराची वही आणि दवाखान्याची बिलं समोर घ्या. कुठल्या जागेवरचा माणूस जास्त वेळा गैरहजर, कुठल्या जागेवर माणूस टिकत नाही, ते शोधा. शेरा लिहिणारा मराठी आणि दुखणारा कन्नड असला, की नोंदी फुटतात. कुणी "कंबर" लिहितो, कुणी "सोंट नोवू" (कन्नडमध्ये कंबरदुखी), कुणी नुसतं "तब्येत". हे सगळं एकाच नावाखाली मोजा. जून-जुलैत लावणीसाठी माणसं गावी जातात आणि त्यांच्या जागी नवखे उभे राहतात. त्या दिवसांतल्या दुखापती वेगळ्या काढून बघा, आमच्याकडे त्यांचा आकडा डोळ्यांत भरण्यासारखा होता.

कामाचे तुकडे करा

"हेल्पर" या शब्दातून काहीच कळत नाही. तो सकाळी वाळू ओढतो, मग साचे फोडतो, माल उचलून ट्रॉलीत टाकतो, ट्रॉली फेटलिंगपर्यंत, म्हणजे माल घासून साफ करतात तिथपर्यंत, ढकलतो आणि शेवटी झाडलोट करतो. ही पाच कामं झाली, पाचही वेगळी लिहा. क्वचित होणारं काम विसरू नका. लूमवर भरलेला बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, चढवायचं काम रोज नसतं, पण सगळ्यात जड तेच, आणि घरातलेच दोघे कसेबसे ते उरकतात.

आधी माणसांशी बोला

ही पायरी गाळलीत, तर पुढचं सगळं खोटं येईल. कुणी घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिला, की कामगाराला एकच वाटतं: आता उत्पादन वाढवायला सांगणार, नाहीतर माणसं कमी करणार. म्हणून मोजायच्या आदल्या दिवशी मराठी आणि कन्नड, दोन्हीत सांगा की मोजणी कामाची आहे, माणसाची नाही. आणि तो शब्द पाळा. या वहीतला एकही आकडा पीस रेट (नगामागची मजुरी) ठरवायला वापरला, तर पुन्हा कुणी तुम्हाला खरं सांगणार नाही. काँट्रॅक्टरच्या माणसांना वगळू नका, जड काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला असतं.

मी त्या पाचव्या गड्याला विचारलं होतं, "मामा, वजन जास्त होतंय काय?" तो म्हणाला, "वजनाचं काय नाही ओ साहेब. खाली वाकून उचलायचं आणि तसंच वळून टाकायचं, तिथं धरतंय बघा." काटा लावून मला जे चार दिवसांनी कळलं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं.

आता मोजा

शिफ्टच्या सुरुवातीला तासभर आणि शेवटच्या तासाला पुन्हा, असं निदान दोन वेगवेगळ्या दिवशी बघा. दमलेला माणूस सकाळसारखा वाकत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी वहीत लिहायचं ते असं: वजन किती, उचलताना हात जमिनीपासून किती उंचीवर आणि ठेवताना किती, दोन्ही घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर, कमरेत किती वळावं लागतं, मिनिटाला किती वेळा, वस्तूला धरायला कान किंवा दांडी आहे का, घेऊन किती पावलं चालायचं. गुडघ्यावर बसणं, हात खांद्याच्या वर नेणं, उभं राहणं यांच्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा. शिफ्टच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल तर "कधीमधी", दोन तृतीयांशांपर्यंत "बऱ्याचदा", त्याच्या वर "सतत".

ट्रॉलीचं नुसतं वजन घेऊन उपयोग नाही. दांडीला हुकाचा काटा अडकवा आणि ओढा. हलवताना पहिल्या झटक्याला काटा जो आकडा दाखवतो तो आणि चालू लागल्यावरचा, असे दोन्ही लिहा. आमच्याकडे चाकांत वाळू अडकलेली ट्रॉली आणि चाकं साफ केलेली तीच ट्रॉली, यांच्या पहिल्या आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक आला.

वजन नसलेली कामंही अंगावर पडतात. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बायका किलोभरही उचलत नाहीत, पण मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे मान खाली आणि बोटं दिवसभर चालू. तिथं काट्याऐवजी घड्याळ वापरा आणि मिनिटाला बोटांच्या किती हालचाली होतात ते मोजा. ग्राइंडरवर असाल, तर दिवसात प्रत्यक्ष किती मिनिटं मशीन हातात असतं ते लिहा. कंपनानं बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, आणि डिसेंबरात बेळगावच्या सकाळच्या गारठ्यात बोटं पांढरी पडायला लागली, तर तो इशारा समजा.

आकड्यांवरून धोका कसा ओळखायचा

उचलण्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं एक सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. ते मला फार उपयोगी पडलं. त्याची सुरुवात २३ किलोपासून होते. वस्तू अंगाजवळ, साधारण ७५ सेंटीमीटर उंचीवर, धरायला चांगली आणि उचलणं क्वचित असेल, तर बहुतेक निरोगी माणसांना झेपेल असं हे वजन. परिस्थिती जितकी बिघडेल, तितक्या पटीनं ते कमी करत जायचं.

आमच्या नॉकआउटचा हिशेब बघा. माल १८ किलोचा. हात घोट्यांपासून ५० सेंटीमीटर पुढे, म्हणून २५ भागिले ५०, गुणक ०.५०. उचल जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर, म्हणून ०.८२. तिथून ६० सेंटीमीटर वर न्यायचा, ०.८९५. ४५ अंश वळायचं, ०.८५६. मिनिटाला एकदा, दिवसभर, ०.७५. धरायला नीट काही नाही, ०.९०. २३ ला या सगळ्यांनी गुणलं, की उरतात ४.९ किलो. आम्ही उचलायला लावत होतो १८, म्हणजे साडेतीन पटींच्याही वर. हे गुणोत्तर १ च्या आत असावं, ३ च्या पुढे गेलं की धोका फार वाढलेला असतो.

मग भंगारातल्या अँगलचं एक टेबल केलं. माल वाळूतून थेट ७५ सेंटीमीटर उंचीवर सरकून यायला लागला, ट्रॉली टेबलाला लागून उभी केली, वळणं गेलं, आणि माणूस ३० सेंटीमीटरवर धरू लागला. तोच १८ किलो, तेवढ्याच वेळा. आता सूत्रातून १२.९ किलो आले आणि गुणोत्तर १.४ वर उतरलं. अजून १ च्या वरच आहे, म्हणून पुढे तिथं चेन पुली लावली. पण एवढा फरक माल हलका न करता पडला. हे आकडे वहीत उतरले नसते, तर मालकानं टेबलाला परवानगी दिली नसती.

उपाय शोधताना क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी उचलणंच टाळता येईल का ते बघा: माल सरकवता, लोटता, पुलीवर घेता येईल का. मग उंची आणि अंतर सुधारा. मग वजन निम्मं करा, ५० किलोच्या पोत्याऐवजी २५ चं मागवा. माणसं आलटून पालटून लावणं त्यानंतर. कमरेचा पट्टा देऊन मोकळं होऊ नका. त्यानं निरोगी कामगाराची दुखापत टळते असा पुरावा नाही, असं नायॉशनंच १९९४ साली सांगितलं आहे. आणि "सांभाळून उचला" असा बोर्ड लावला, तरी ५० सेंटीमीटरचं अंतर ५० च राहतं.

मालकाला खर्च कसा दाखवायचा

छोट्या कारखान्यात मालक म्हणतो, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे की. ईएसआयचा हप्ता मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. दुखापती वाढल्या-घटल्या म्हणून तो बदलत नाही. म्हणून खर्च तिथं दिसत नाही, तो दुसरीकडे सांडतो. बदली माणसाचा रोज, त्याला शिकवण्यात गेलेले दिवस, त्याच्या हातून रिजेक्ट झालेला माल, उरलेल्यांचा ओव्हरटाइम, उशिरा गेलेली डिलिव्हरी. गेल्या वर्षातल्या एकाच दुखापतीचे हे पाच आकडे हजेरी आणि बिलांतून काढा आणि शेजारी टेबलाचा खर्च लिहा. जिथं ईएसआय लागू नाही, तिथं भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते (पूर्वी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली), हेही सांगा. आणि दुखापत होईल एवढं वजन कुणालाही उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ मध्येच लिहिलेलं होतं. ही काही नवी फॅशन नव्हे.

कागद तयार झाल्यावर

प्रत्येक कामाचं एक पान करा, मराठी आणि कन्नड दोन्हीत, आणि त्या जागेवर लावा. नवीन माणूस घेताना ते त्याला वाचून दाखवा, म्हणजे पहिल्या आठवड्यात पळून जाणारे कमी होतात. मात्र ते चाळणी म्हणून वापरून बायकांना किंवा वयस्कांना नाकारू नका. पानावरचा आकडा मोठा असेल, तर आधी काम बदला.

पानाचा खरा उपयोग दुखापत झालेला माणूस परत येतो तेव्हा होतो. एरवी डॉक्टर "हलकं काम द्यावे" एवढंच लिहितात, आणि कारखान्यात हलकं म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसतं. आमचा तो मामा डॉक्टरांकडे जाताना मी नॉकआउट, कोअर शॉप (साच्याच्या आतले वाळूचे गाभे करतात ती जागा) आणि पॅकिंग अशी तीन पानं त्याच्या हातात दिली. डॉक्टरांनी नॉकआउटवर फुली मारली, पॅकिंगपुढे "१० किलोपर्यंत, ६ आठवडे" असं लिहिलं, आणि तो घरी बसण्याऐवजी सोमवारी पॅकिंगला हजर झाला.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात मोजल्याची तारीख टाका. नवीन पॅटर्न आला, मशीन हललं, पोत्याचं माप बदललं, की जुनं पान काढून टाका आणि काटा पुन्हा बाहेर काढा.